कुंकू लावलेली हार्ड डिस्क

माझा भाऊ माझ्या डोक्यात जातो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बहीण म्हणून काहीतरी गोड बोलेन अशी आशा कुणाला राहायला नको. तो माझ्याहून लहान. बोरिवलीला राहतो, अंधेरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या खात्यात आहे. कुणाशीही बोलताना त्याचा सूर असा असतो, जणू समोरचा माणूस पासवर्ड विसरून त्याच्या दारात आलाय.

मी घाटकोपरला आईबरोबर राहते. तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीला गल्लीकडून शटर आहे आणि त्या शटरच्या आत माझं टेबल, माझा लॅपटॉप, माझा प्रिंटर. मी मराठी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, साखरपुडा, उत्तरकार्याच्या पत्रिका, कोकणातल्या गावमंडळांच्या स्मरणिका. पुढच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबांच्या मंगल परिणयाच्या पत्रिकाही माझ्याकडेच येतात. कुणाची सुरुवात श्री गणेशाय नमः, कुणाची नमो बुद्धाय, आणि कुठे काय लावायचं ते मला सांगावं लागत नाही. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा आईच्या जिवावर बसून खायचं नाही म्हणून हे काम शिकले. त्यानंतर कुणापुढे हात पसरला नाही. भावापुढे तर नाहीच.

त्याच्या लग्नाची पत्रिकाही मीच केली. कच्ची प्रत बघितली आणि म्हणाला, ताई, 'आपले नम्र'मध्ये तुझं नाव नको. एकटंच नाव दिसलं की लोक विचारतात, भावोजींचं का नाही म्हणून, मग आईला उत्तरं द्यावी लागतात. आईचं नाव पुढे करून स्वतःचं काम साधायची त्याची जुनी सवय. मी नाव काढलं. स्वतःच्या हाताने निवडलं आणि डिलीट दाबलं. लग्नात करवली म्हणून कऱ्हा धरून मीच उभी होते, ते त्याला चाललं.

तर अशा या माणसाची गेली काही वर्षं माझ्या शटरवर नजर होती. "ताई, आता पत्रिका कोण छापतं? सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तू उगाच जागा अडवून बसलीयस," हे त्याचं दर सणाचं भाषण. त्याने एक कुरियरवालाही शोधून ठेवला होता, खोली भाड्याने घ्यायला एका पायावर तयार. भाडं आईला मिळेल म्हणायचा. आईला म्हणजे कुणाला, ते मला कळतं. आईने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मला मात्र एकदा म्हणाली होती, "तुझा काम चालता तवसर रवांदे." काम चालतंय तोवर खोली माझी. ते बंद पडलं की विषय संपला.

आणि लॅपटॉप टकटक करायला लागला.

आधी वाटलं पंखा असेल. मग फाइल उघडायला वेळ लागायला लागला, मग मधूनच सगळं गोठायचं आणि आतून कुणीतरी नखाने टेबल वाजवावं तसा आवाज यायचा. ज्याला सांगावं तो म्हणे, अगं, मग पेनड्राइव्हवर कॉपी करून घे ना! दुसरा लॅपटॉप घे! हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझं सॉफ्टवेअर जुनं, त्यातले फॉन्ट जुने, युनिकोडच्या आधीचे. ज्याने बसवून दिलं त्याने दुकान बंद केलं आणि ज्यांनी बनवलं त्यांनी कंपनी बंद केली. ते चालायचं ते या एका लॅपटॉपवर, नव्याने दुसरीकडे कुठे बसत नाही. माझी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असला कचरा दिसतो. कारण आत ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा. पण हे कॉपी-कॉपी म्हणणाऱ्यांना कोण समजावणार?

स्टेशनजवळच्या गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला. "नवीन डिस्क टाकू मॅडम, फॉरमॅट मारू, एकदम झकास चालेल." म्हटलं, फॉरमॅट मारलास तर मी तुला मारेन. तेव्हा कुठे त्याने कान लावला आणि म्हणाला, डिस्कची वाट लागलीय, जास्त चालवू नका, क्लोन होत असेल तर करून घ्या. ठेवून जा, हप्त्याभराने बघू. त्याच्या काउंटरवर कुणाचे तरी तीनचार लॅपटॉप एकावर एक पडले होते आणि सगळ्यात वरच्यावर चहाचा ग्लास होता. मी माझा लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

आईने माझ्या पाठीमागे भावाला फोन केला. तो खंडेनवमीला हजर झाला. दर वर्षी येतोच तो त्या दिवशी, पूजा आमच्याकडे असते म्हणून. या वेळी सोबत एक नवी हार्ड डिस्क आणि एक काळा डबा होता. ब्रेड भाजायच्या टोस्टरसारखा, वर दोन खाचा. "एका खाचेत जुनी डिस्क, दुसरीत नवी, बटण दाबलं की विषय खल्लास," तो म्हणाला. "कॉम्प्युटरही लागत नाही."

"सॉफ्टवेअर राहील?" मी विचारलं.

"ताई, क्लोन म्हणजे काय माहितीये का तुला? क्लोन म्हणजे जसंच्या तसं. फॉन्ट, सॉफ्टवेअर, तुझा तो घाणेरडा वॉलपेपर, सगळं. एक काना इकडचा तिकडे होत नाही."

वॉलपेपर घाणेरडा नव्हता. आमच्या गावच्या खाडीचा फोटो होता.

चहा पिता पिता त्याने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि जुनी डिस्क बाहेर काढून नवीच्या शेजारी ठेवली. त्याच कंपनीची, त्याच मापाची नवी आणली होती, आणि ते त्याने मला दोनदा ऐकवलं. दिसायला दोन्ही सारख्याच. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो गल्लीत जाऊन कुणालातरी मोठ्याने शिकवत बसला.

इकडे आईने पाट मांडला होता. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं पाटावर येतात. बाबांची गिरणीतली कात्री आणि पाना अजून ठेवलेत, ते येतात. आईची विळी येते. माझा लॅपटॉप येतो. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विश्रांती. आईने उघडा पडलेला लॅपटॉप बघितला, त्या दोन डिस्क बघितल्या आणि विचारलं, "ह्यातला काम करणारा खयचा?"

मी जुनी दाखवली. आईने ती लॅपटॉपवर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची पाकळी ठेवली. नवी डिस्क तिने पाटाच्या कडेला सरकवली. म्हटलं, हिला नाही लावत? तर म्हणाली, "ज्येना अजून कामच करूक नाय, त्येची कसली पूजा?" मला ते पटलं. आमच्या घरात एक माणूसही आहे असा.

भाऊ फोन संपवून आत आला आणि सरळ पाटाकडे वळला. आईने हात आडवा धरला. "आज कामाच्या वस्तूक हात लावचो नाय. उद्या कर."

"आई, उद्या मला सासुरवाडीला जायचंय. आणि जुनी डिस्क आज आहे, उद्या असेल की नाही सांगता येत नाही. ताई, सांग ना हिला."

मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी ये. आई सांगतेय तर थांब." मी काही देवभोळी नाही. पण तिच्या घरात तिचा पाट, तिथे याची अरेरावी कशाला? त्याने दोन्ही डिस्क उचलल्याही होत्या. पाकळी झटकली, अक्षता पाटावर सांडल्या, डिस्क खाचांत बसवल्या आणि बटण दाबलं. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. आई पुऱ्या तळायला आत गेली.

आम्ही जेवायला बसलो. पहिल्या पुरीबरोबरच याने कुरियरवाला काढला. "तो अजून विचारतोय. आता डिस्क नवी झाली म्हणून तू आणखी दहा वर्षं चालवणार, असं नको ना करू. वयाकडे बघ. किती दिवस त्या खुर्चीत बसणारेस?"

"तुझ्या खुर्चीत कोण बसतं?" मी म्हटलं. "मी बसले तर कामं तरी होतील."

"हीच तुझी भाषा. म्हणूनच तिकडे पटलं नाही तुझं."

हे तो आईसमोर, पानावर बसून बोलला. आई म्हणाली, "गप जेवा रे," आणि त्याला वाटलं आईने आपली बाजू घेतली. मग तो लाडात आला. हात डब्याकडे करून म्हणाला, "बघ आई, तू पूजा केलेल्या नव्या डिस्कवर सगळं चाललंय. तुझ्या कुंकवाचा गुण!"

"नव्या?" मी म्हणाले.

"मग? कुंकू लावलेली नवीच ना. नवीन वस्तूलाच लावतात. गाडी घेतली तेव्हा लावलं, टीव्हीला लावलं."

आई पुरीचा झारा हातात धरून उभीच राहिली. "नवीन वस्तूक ती घेतली त्या दिवशी. आज खंडेनवमी, मेल्या. मी जुन्याक लावलंय."

मी उठले कशी आणि बाहेरच्या खोलीत पोचले कशी, आठवत नाही. डब्याजवळ कान नेला. टकटक येत होती ती कुंकवाच्या डिस्कमधून, आणि त्याच खाचेखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की यात कॉपी होणार. म्हणजे कोरी करकरीत डिस्क माझ्या भरलेल्या डिस्कवर चालून जात होती. आम्ही पुऱ्या खात होतो तेवढा वेळ. मी वायर उपटली.

"अगं, मधेच काय काढतेस! दोन्ही जातील ना!" तो खरकट्या हाताने धावत आला.

"गेलं ते तू घालवलंस! लेबलं वाचता येत नाहीत? कॉम्प्युटर खात्यात आहेस ना? तिथे काय करतोस, माऊस पुसतोस?"

"आईने कुंकू..."

"आईचं नाव घेऊ नकोस. आई म्हणाली होती, आज हात लावू नको."

मी आणखी पुष्कळ बोलले. गल्लीतली दोन माणसं शटरपाशी थांबली, त्यांनाही बोलले. तो लालबुंद होऊन उभा होता, आणि खरं सांगायचं तर तशाही अवस्थेत मला त्याचं तसं उभं राहणं बघून बरं वाटलं. मग तो न जेवता गेला आणि मला रडू फुटलं. खुर्चीत बसून रडले. उघडा लॅपटॉप पाटावर तसाच पडला होता आणि त्याच्यावरचा खाडीचा फोटो आता मला कधीच दिसणार नव्हता.

पुढच्या रविवारी तो आला. आईने बोलावलं असणार. माझ्याशी न बोलता त्याने ऑफिसचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला, जुनी डिस्क जोडली आणि गेलेल्या फाइली शोधायचं कसलंसं सॉफ्टवेअर लावलं. चहा दिला तो आईने. डिस्क मधेमधे अडखळत होती, तो मान खाली घालून बसून होता. दुपार टळल्यावर म्हणाला, "सी ड्राइव्ह गेला. सिस्टीम, सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळं सुरुवातीलाच होतं, त्याच्यावरून पुसलं गेलं. पण फाइली ठेवायचा डी ड्राइव्ह मागे होता, तिथवर कॉपी पोचली नव्हती. तो आला. तुझ्या सगळ्या फाइली आल्या, ताई. बघ."

त्याने एक फाइल उघडली. पडदाभर कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम.

हे एवढा वेळ त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्याने नेटवर फॉन्ट शोधला, जवळपासचा एक मिळाला, तो लावल्यावर निम्मी जोडाक्षरं फुटली. मग एक कन्व्हर्टर शोधला, त्याने वेलांट्यांची वाट लावली. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि हळू आवाजात, समजूत काढायच्या सुरात म्हणाला, "ताई, सोड ना आता. झालं ते झालं, माझं चुकलं. पण आता काम तर बंदच पडलं ना? मी त्या कुरियरवाल्याला बोलवू का?"

आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. काम चालतंय तोवर खोली माझी, हे तिचेच शब्द होते आणि ते तिलाही आठवत होते.

मी पडद्याकडे बघत होते. कुणाकडे बघायचं नाही म्हणून बघत होते. आणि त्या कचऱ्यातली पहिली ओळ मला कळली. कोणतं इंग्रजी अक्षर दाबलं की कोणतं मराठी अक्षर उमटतं, हे माझ्या बोटांना पाठ होतं. कंस म्हणजे काय, टक्का म्हणजे कुठलं जोडाक्षर, रफार कुठल्या खुणेने येतो. इतकी वर्षं डोळे पडद्यावर आणि बोटं खाली. डोळ्यांनी कधी त्या बाजूने बघितलंच नव्हतं.

मी मोठ्याने वाचायला लागले. "आमचे येथे श्री कृपेकरून, आमची सुकन्या..." मुलीचं नाव वाचलं, मुलाचं वाचलं, भांडुपच्या कार्यालयाचं नाव आणि मुहूर्त वाचला. एकदोनदा अडखळले, बोट टेबलावर दाबून बघितलं, पुढे गेले.

"तू हे वाचतेयस?" भाऊ म्हणाला. "यातून? शक्यच नाही."

"दुसरी उघड."

त्याने दुसरी उघडली, गावमंडळाची स्मरणिका. मी अध्यक्षांचं मनोगत वाचून दाखवलं. अध्यक्षांनी चार ओळींत तीनदा 'मला अत्यंत आनंद होत आहे' लिहिलं होतं, ते तिन्ही वेळा वाचलं.

आई आत आली. चष्मा लावून त्या पडद्यात डोकावली. तिला तिथे ओ की ठो दिसलं नसणार. "ह्या सगळा तू खंयसून वाचतंस गे?" तिने मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भावाकडे वळली. "त्या कुरियरवाल्याक नाय म्हणान सांग."

"आई, अगं पण वाचता येणं म्हणजे काम..."

"नाय म्हणान सांग," आई म्हणाली, आणि गेली.

नव्या कीबोर्डवर मराठी टाईप करायला मी पुढे शिकले. युनिकोडवर माझं काम आता चाललंय, नवी डिस्क त्याच जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. आणलेली वस्तू मी का परत देऊ? हे सगळं मी एकटीने त्या दिवशीही सुरू करू शकले असते. पण त्या दिवशी मला ते एकटीने करायचं नव्हतं. भाऊ लॅपटॉप मिटायला लागला तेव्हा मी म्हटलं, "कुठे निघालास? बस. गिऱ्हाईक आलं की दाखवायला जुन्या पत्रिकेचा नमुना लागतो. मी वाचते, तू टाईप कर."

"आता?"

"आता."

तो बसला. मी माउस घेतला आणि फाइलींच्या गर्दीतून नेमकी एक उघडली. त्याला त्यात काहीच वाचता येत नव्हतं, त्यामुळे पहिल्या काही ओळी तो निमूट टाईप करत गेला. श्री गणेशाय नमः. कुलस्वामिनी प्रसन्न. मग मी नवऱ्या मुलाचं नाव वाचलं, आणि त्याची बोटं थांबली.

"ही माझी कशाला?"

"नमुना चांगला आहे. टाईप कर."

त्याने स्वतःचं नाव टाईप केलं, बायकोचं केलं, मुहूर्त, विवाहस्थळ. दोन बोटांनी टाईप करतो तो, कॉम्प्युटर खात्यात असून. आम्ही 'आपले नम्र'पर्यंत आलो. मी आईचं नाव वाचलं. काकांचं वाचलं, मामांचं वाचलं. "झालं," मी म्हटलं.

पण त्याची बोटं चालूच होती. मामांच्या खाली त्याने आणखी एक नाव टाईप केलं. माझं. टाईप करून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत राहिला.

"ते खोड," मी म्हटलं.

"ताई, राहू दे ना गं. नमुनाच तर आहे."

"खोड. क्लोन म्हणजे जसंच्या तसं. एक काना इकडचा तिकडे होत नाही. तूच म्हणालास ना?"

मग त्याने माझं नाव खोडलं, शेवटच्या अक्षरापासून एकेक करून, आणि ते पूर्ण जाईपर्यंत मी त्याच्या मागे उभी राहिले.